मनकर्णाबाईचा अंगठा

बुलढाणा
ता. ११ जानेवारी १९६७

शालू,

आशीर्वाद लिवत नाई. तुले तो खोटा वाटीन. पण पाकीट चुलीत टाकू नको, आधी वाच. अक्षर माहंच हाये. दुसरीतून शाळा सुटली तवापासून पेन्शिल धरली नाई. तू सातवी पास, चुका दिसतीन. दिसू दे.

कडूबाचं आपरेशन झालं. परवा सोमवारी. टाळू शिवली.

दिवाळीच्या मागून देवीची लस टोचणारा मानूस जानेफळले आला होता. त्यानं कडूच्या तोंडात पाह्यलं अन् म्हणे, हे शिवता येते, बुलढाण्याच्या दवाखान्यात नागपूरचा डॉक्टर सहा महिन्यातून एकडाव येते. मी म्हटलं, लेकरू होय का फाटलेलं धोतर? मानूस हासला अन् गेला. मग नारायण म्हणे, "जाऊन तं पाहू, माय." तुहा नवरा कधी बोलत नाई, तुलेही ठाऊक हाये. तो बोलला म्हणून आली. त्यानं आम्हाले इथं सोडलं अन् तुरीच्या सोंगणीले परत गेला.

टाळूले मधात भेग होती ते तुले सांगाले नको. पाजलं का दूध नाकातून येये, ते पह्यल्यांदा तूच पाह्यलं. तू गेल्यावर चौदा महिने मी त्याले बोंडल्यानं पाजलं, उभं धरून, एक एक थेंब. आता भेग नाई. सिस्टरनं टॉर्च मारून दाखवलं. वाकळीले घालतो तसे टाके हायेत, काळे, पण इतके बारीक का माह्यानं घालनं होनार नाई.

सिस्टर मंजे नर्सबाई. इथं सगळे तिले सिस्टरच म्हणतात. बाई कडक हाये. नागपूरचा डॉक्टर मंगळवारीच निघून गेला. आता इथला एक डॉक्टर अन् ही. तिनं कडूच्या दोन्ही हाताले पुठ्ठ्याच्या नळ्या चढवून बांधल्या, कोपर वाकू नये म्हणून. हात तोंडात गेला तं टाके तुटतीन. पोट्टं हात लांब करून बसते, बुजगावण्यावानी. दोन हप्ते नुसतं पातळ, तेही चमचा ओठाच्या बाजूनं लावून. तोंडात काही घालायचं नाई, बोट तं नाईच नाई. दिवसातून दहा डाव सांगते. मी म्हटलं, बाई, मले लेकरं नवी नाईत, अख्खं जानेफळ पोट्टे घेऊन माह्या दारी येते. पोट्टं खोकलं, गिळेना, लाळ गळाली का पडजीभ पडली म्हणून आणतात. मी अंगठ्याले हळद-मीठ लावतो, पडजीभ वर दाबतो, अन् पोट्टं दूध पिते. ती हासली अन् पुढच्या खाटेवर गेली. मले नाई आवडलं.

बाजूच्या खाटेवर देऊळघाटची सलीमा हाये. तिच्या पोरीचा ओठ फाटका होता, तो शिवला. नवरा कादर भांड्यायले कल्हई करते. मानसं बरी हायेत.

तू येऊ नको. यायचं काही काम नाई. लेकरू ठीक हाये. मागून कोणी म्हणू नये का कळवलं नाई, म्हणून कळवलं.

मनकर्णाबाई


बुलढाणा
ता. १७ जानेवारी १९६७

शालू,

कडूबा जिता हाये. हे आधी लिवतो, मंजे तू बाकीचं वाचशीन.

काल दुपारी त्याच्या तोंडातून रक्त आलं. मी गावात बाळंतपणं केली, बैलानं शिंग मारलेला मानूस पाह्यला. पण इतक्याशा देहात इतकं रक्त असते, हे मले ठाऊक नोहतं. अजून ते लुगडं अंगावर हाये. दुसरं हाये पिशवीत. नेसनं होऊन नाई राह्यलं.

एक वाजला असन. डॉक्टर जीप घेऊन खेड्यावर गेला होता. कडू माह्या मांडीवर होता अन् घोट घेऊन राह्यला होता. दोन दिवसापासून त्याले खोकला होता, लाळ गळे, पेज गिळे ना. आता घोटावर घोट. मले वाटलं, गुण आला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवून राह्यली होती.

सलीमा म्हणे, "मौसी, ये बच्चा क्या निगल रा? मुंह में तो कुछ नई."

मी म्हटलं, "थूक गिळते. तुले काय करा लागते?"

"इत्ता थूक?" म्हणे. अन् पोरीले खाटेवर टाकून सिस्टरले बलवाले गेली. मी तिच्या मागून म्हटलं, काय आगाऊ बाई हाये.

तेवढ्यात कडू ओकला. काळं. चहाच्या चोथ्यावानी काळं. मी पाहतच राह्यली, म्हटलं याले चहा कोणं पाजला? त्याच्या मागून लाल आलं. मंग नाकातून आलं. तो रडला नाई. डोळे मोठे करून माह्याकडं पाहे अन् घोट घेये. तवा समजलं का इतका वेळ तो रक्तच गिळून राह्यला होता, अन् मी पाठ थोपटून राह्यली होती.

सिस्टर पळत नाई आली, चालत आली. मले तिचा राग आला. पण तिचे हात पाह्यले असते तू. तिनं कडूले कुशीवर टाकलं, खाटेच्या पायथ्याखाली दोन इटा सरकवल्या, डोकं उतारावर केलं. रक्त पोटात नाई, बाहेर पडलं पाह्यजे म्हणे. पायानं दाबायची एक मशीन हाये, तिच्या नळीनं तोंडातलं ओढून घेतलं. शिशीत फेस आला, लाल. मंग पांढऱ्या पट्टीची घडी औषधात भिजवली, बोटावर घेतली अन् टाळूले दाबून धरली.

मी म्हटलं, "थांबलं का पाहा ना."

"पाहायचं नाही," म्हणे. "उचलून पाहिलं की पुन्हा सुरू होतं. तुम्ही घड्याळाकडे बघा."

दुसरी नर्स सुटीवर होती. आया डॉक्टरच्या मागं शिपाई धाडाले गेली होती. सलाईन लावायचं, आतली खोली तयार करायची, हत्यारं उकळायची, अन् हिचा एक हात तोंडात. तिनं वार्डात सगळ्यायकडं पाह्यलं. सलीमा पोरीले छातीशी धरून भिंतीले लागली होती. मंग मले म्हणे, "बाई, तुमचा हात दाखवा."

मी उजवा हात पुढं केला. तिनं साबनानं घासला, नखं पाह्यली, नवी घडी भिजवून माह्या अंगठ्यावर बसवली अन् जागा दाखवली. "इथं. दाबा. सरकवू नका, घासू नका, मी म्हणेपर्यंत काढू नका."

मी धरलं. मोठा काटा सहावर होता, तो दोनवर गेला. तवर धरलं. कडूनं चावलं, खालच्या चार दातायचे वळ हायेत अंगठ्यावर. त्याचा श्वास माह्या मनगटावर लागे. गरम, मंग कमी गरम. अंगठ्याखाली एक नस उडे, ती त्याची होती का माही, समजे ना. सिस्टर सुई लावता लावता म्हणे, "तुमचा हात हलत नाही, बाई. आमच्या पोरींचा हलतो."

मी घड्याळाकडं पाह्यलं.

डॉक्टर आला, तसाच आत घेऊन गेला. एका जागी टाका तुटला होता, तिथं पुन्हा घातला. रक्त द्या लागीन म्हणे. आईचं पाहू म्हणे. सिस्टर म्हणे, आई नाही त्याला. मी उगी राह्यली. माहं पाह्यलं, जुळलं नाई. नारायणले तार केली, पण जानेफळहून तो यीन तवा यीन. कादर दारात उभा होता, हात कल्हईनं काळे. म्हणे, "मेरा देख लो." त्याचं जुळलं. घरी कादरवानी मानूस आला तं मी त्याले वरून पानी ओततो, भांड्याले शिवू देत नाई. ते मले दुपारी आठवलं नाई. सांजेले आठवलं.

कडू आता निजला हाये. पांढरा पडला हाये, कापसावानी. सिस्टर दर थोड्या वेळानं त्याच्या गळ्याकडं पाहते, घोट घेते का म्हणून. मीही तेच पाहतो.

टाका कसा तुटला म्हणून डॉक्टर विचारून राह्यला. हाताच्या नळ्या ढिल्या झाल्या असतीन म्हणे. असतीनही. लेकराचे हात.

मागच्यात लिवलं होतं का येऊ नको. आता काय लिवू, समजत नाई.

मनकर्णाबाई


बुलढाणा
ता. २० जानेवारी १९६७

शालू,

मागच्या पत्रात मी खोटं लिवलं. खोटं मंजे, एक गोष्ट सोडली.

सोमवारी बारा वाजता सिस्टर जेवाले गेली. कडू खोकून राह्यला होता, लाळ गळून राह्यली होती. मी म्हटलं, पडजीभ पडली याची. त्यायले काय समजते, ते शिवणारे मानसं. आपल्या डब्यात हळद होती, मीठ होतं. मी अंगठ्याले लावलं अन् दाबलं. जोरानं दाबा लागते, नाई तं उचलत नाई. काहीतरी तुटल्यावानी लागलं अंगठ्याले. बारीक, धाग्यावानी. मी म्हटलं, बसली जागेवर. मंग तो घोट घ्याले लागला अन् मी खूश झाली.

लेकराचे हात बांधून ठेवले होते. माहे कोणी बांधले नाईत.

अन् मंग त्याच अंगठ्यानं मी रक्त धरलं. सिस्टर म्हणे, हलत नाई तुमचा हात. शालू, मले तवा काय झालं ते मी तुले लिवू शकत नाई. पह्यल्यांदा धरला तवाही तो हलला नोहता.

हे मी कोणाले सांगणार नोहती. तुले तं नाईच. बुधवारी डॉक्टरच्या खोलीचं दार उघडं होतं. डॉक्टर सिस्टरले म्हणे, "नागपूरला कळवावं लागेल. नळ्या कोणी बांधल्या होत्या?" ती म्हणे, "मीच, सर. ढिल्या राहिल्या असतील. माझी चूक." मंग ती वार्डात आली, कडूच्या नळ्या सोडल्या, पुन्हा बांधल्या, ओढून पाह्यल्या, पुन्हा सोडल्या. तिले समजे ना का ढिल्या कुठं होत्या. त्या ढिल्या नोहत्याच. अन् मले म्हणे, "पातळच द्या हं बाई, बाजूनं." त्याच आवाजात, दहा डाव सांगते तसं.

मी उठली अन् डॉक्टरच्या खोलीत गेली. म्हटलं, "तिचं नाव कळवू नका. मी केलं." अन् अंगठा दाखवला.

तो म्हणे, "काय केलं?"

मी सांगतलं. हळद, मीठ, सगळं. मले वाटलं ओरडीन. मी तयार होती, मीही ओरडली असती. तो नाई ओरडला. माह्या अंगठ्याकडं पाहत बसला. मंग म्हणे, "किती वर्षं करता हे?"

"माह्या सासूनं शिकवलं. वीस-बावीस वर्षं."

"अन् ज्या मुलांना गुण आला नाही, ती कुठे गेली?"

मी म्हटलं, "गुण येतेच." अन् तिथंच थांबली. माह्या दारी एकडाव आलेले सगळेच पोट्टे दुसऱ्यांदा आले नोहते, शालू. मी कधी इचारलं नाई. मले वाटे, बरे झाले असतीन. खालच्या आळीच्या पुष्पाबाईची नात नाई आली. तू होती तवा घरात. तूच म्हटलं होतं, "आत्याबाई, तिले ताप हाये, दवाखान्यात न्या म्हणा." मी तुले म्हटलं, सातवी शिकली म्हणून लई शहाणी झाली का.

सिस्टर दारात उभी होती. तिनं ऐकलं. मले वाटलं थुंकीन. ती म्हणे, "चला, त्याच्या दुधाची वेळ झाली." त्या दिवशी चमचा माह्या हाती दिला नाई. तिनंच पाजलं. शालू, एक थेंब नाकातून आला नाई. मी त्याच्या नाकाखाली पदर धरून बसली होती सवयीनं. पदर कोरडा.

आता दुसरं. याच्यावर मले रातभर झोप नाई, म्हणून लिवून टाकतो.

सलीमाच्या पोरीच्या ओठाचं मी तिले आल्या दिवशीच इचारलं होतं. म्हटलं, पोटुशी असतानी गिऱ्हाणात काय कापलं होतं तू? ती तवा पोरीले घेऊन पाठ करून बसली. काल तिनंच काढलं. म्हणे, "मौसी, मेरी सास नूरजहां बी ने मेरेको कायकू बी हाथ नई लगाने दिया. इन बातों में उसका नाम पूरे देऊळघाट में है. गिरहन लगा तो खटिया पे सीधा लिटाया, न चाकू, न सुई, न करवट. पानी तक नई पिया. फिर बी बच्ची ऐसी हुई. और मेरी जेठानी उस दिन खेत में हंसिया चला के आई. उसका लडका सही सलामत."

मी म्हटलं, खोटं बोलते. ती म्हणे, "तुमको झूट बोल के मेरेको क्या मिलना?"

खरंच, तिले काय मिळनार होतं?

मी गावात सांगतलं, तुह्या बापाले जानरावले उंबऱ्यात उभं ठेवून सांगतलं, का तुमच्या पोरीनं गिऱ्हाणाच्या वेधात कैऱ्या कापल्या म्हणून माह्या नातवाची टाळू चिरली. तू खाली मान घालून उभी होती. तू तवाही बोलली नाई, का कैऱ्या कोणं आणल्या होत्या. मी आणल्या होत्या. तू म्हटलं होतं, आत्याबाई, वेध लागले. मी म्हटलं, पाटीभर कैऱ्या नासतीन, काप लौकर, लोणच्याच्या तं हायेत. विळी मी सरकवली तुह्यापुढं. ते लोणचं आपन सगळ्यायनं खाल्लं. तू गेल्यावरही बरणीत होतं, मी खाल्लं.

विळीनं काही होत नाई हे मले काल समजलं. पण विळी कोणाची होती, हे तं तवाही ठाऊक होतं. तरी मी तुले काढलं, अन् पोरगं ठेवून घेतलं.

आता तिसरं लिवतो, मंग झालं.

इथं आली त्या दिवशी कारकुनानं नाव इचारलं. मुलाचं नाव, कडूबा नारायण. बापाचं, सांगतलं. आईचं नाव? मी म्हटलं, मयत. असं तोंडातून निघालं. नाई, निघालं नाई, मी ठरवून म्हटलं. म्हटलं, नाई तं इचारतीन आई कुठं, काऊन नाई आली. त्यानं लिवलं. म्हणून त्या दुपारी सिस्टर म्हणे आई नाई त्याले. म्हणून तुले कोणी बलावलं नाई. रोहिणखेडहून मोटारीनं तू सांजेच्या आत आली असती. तुहं रक्त जुळलंही असतं. लेकरू पांढरं पडत गेलं अन् मी त्या एका शब्दामुळं उगी बसली. कादर नसता तं तू कागदावर आधी अन् कडू खराखुरा मागून गेला असता, अन् दोन्ही माह्याच हातानं.

डॉक्टर म्हणे, चार दिवसानं सोडतो, पण तुमच्या हाती नाई. नारायण काल आला, त्याच्या हातीही नाई, त्याले चमचा धरता येत नाई. तीन हप्ते कोणीतरी डोळ्यात तेल घालून पाजलं पाह्यजे. म्हणे, आई असती तर. मी म्हटलं, हाये.

"म्हणजे?"

"जिती हाये. रोहिणखेडले हाये. मी काढली."

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. आज सकाळी मी कारकुनाकडं गेली. म्हटलं, खोड. तो म्हणे, "बाई, मयत लिवलेलं असं खोडता येत नसते. दाखला लागते." मी म्हटलं, मेल्याचा दाखला मागतला होता का तू? मंग जित्याचा कायले मागतं? मानूसच येते, तिले पाहून घेजो. त्यानं रेघ मारली. पुढं नाव नाई लिवलं. म्हणे, आल्यावर लिवू.

नारायण तुले आणाले निघाला होता, मी थांबवलं. तू त्याच्या मागं यावं असं मले नाई वाटत. तुले वाटलं तं ये. जानरावले संगं आण. त्यायले मी काही म्हणणार नाई, ते म्हणतीन ते ऐकीन. मंगळवारी सोडणार हायेत. लेकरू घेऊन तुले रोहिणखेडले जायचं तं तिकडं जा. जानेफळचं मी इचारत नाई.

तू धाडलेलं लाल टोपरं मी पेटीत दाबून ठेवलं होतं, एकडावही घातलं नाई. इथं येतानी काऊन आणलं, ते मले ठाऊक नाई. आज घातलं. डोक्यावर बसत नाई, वरच राहते. तरी घातलंच हाये. चौदा महिन्यात पोरगं बदललं, तुले पटकन ओळखू नाई येणार, म्हणून.

वार्डात शिरली का डाव्या हातची तिसरी खाट. मले शोधू नको, मी बाहेर पायऱ्यायवर असीन. सिस्टर तुले सगळं दाखवीन, पण तिच्यावर नको राहू, मीही लिवतो. कुशीवर घेऊन पाजायचं नाई, बसवून. चमचा ओठाच्या बाजूनं. मधून मधून त्याच्या गळ्याकडं पाहजो. तोंडात काही नसतानी घोट घ्याले लागला, तं थांबू नको, हाक मार.

अन् बोट घालू नको. कोणालेच घालू देऊ नको. मी आली तं मलेही.

मनकर्णाबाई